सुई ओवण्याची जागा

सकाळचे साडेआठ वाजलेत. वाईतल्या आमच्या जुन्या घराच्या सोप्यात आई लाकडी खुर्चीवर ताठ बसली आहे. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर नेमकी समोर, ओठ मिटलेले. अंगावर ठेवणीतलं पांढरं नऊवारी, त्यावर बारीक निळी फुलं. पौषातली थंडी अजून फरशीतून वर येते आहे, म्हणून पायांत जाड मोजे. तिच्यासमोर दोन हातांवर माझी भाची उभी आहे. हातात गेल्या महिन्यात घेतलेला वापरलेला कॅमेरा, त्याला ५० मिलिमीटरची छोटी लेन्स. डोक्यावर ट्यूब जळते आहे.

"आजी, हस ना जरा."

आई ओठ रुंद करते. डोळे होते तसेच राहतात. खटका वाजतो. भाची मागच्या पडद्यावर फोटो बघते, परत डोळ्याला कॅमेरा लावते, परत बघते. असं सात-आठ वेळा होतं. मग ती कॅमेरा माझ्यापुढे धरते.

"मावशी, ही आजी वाटतच नाही गं."

मी बघते. कपाळ आणि नाकाचा शेंडा चमकतोय, डोळ्यांच्या खोबणींत काळोख साचलाय, गाल सपाट झालेत. सोप्याच्या भिंतीला खालून चार फूट हिरवा ऑइलपेंट आहे. तो हिरवा रंग आईच्या गालावर आणि पांढऱ्या पदरावर उतरलाय. मागे स्विचबोर्ड, त्याच्या शेजारी कॅलेंडर, आणि सागवानी खांब थेट आईच्या डोक्यातून उगवल्यासारखा वर गेलेला. शिवाय चेहरा किंचित हललेला. उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याने आपल्या मनाने शटर सेकंदाचा तिसावा भाग उघडं ठेवलंय, आणि तेवढ्या वेळात भाचीचा हात थरथरलाय.

त्याच भिंतीवर, स्विचबोर्डच्या वर, वडिलांचा फोटो आहे. वडील गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा धड फोटो निघाला नाही. कुणाच्या तरी लग्नातल्या पंचवीस माणसांच्या फोटोत त्यांचा चेहरा हरभऱ्याएवढा होता. तो मोठा करून आणला. करणाऱ्याने भुवया रंगवल्या, केस काळे केले, खाली कोट जोडला. वडिलांनी आयुष्यभर कोट घातला नव्हता. भाची त्या वेळी तीन वर्षांची होती. तिला आजोबा आठवत नाहीत. तिच्यासाठी आजोबा म्हणजे तो कोट आणि त्या रंगवलेल्या भुवया. म्हणून पुण्याहून कालच्या एसटीने ती आली आहे. आजीच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, एवढंच तिने मला फोनवर सांगितलं होतं. मला ते फार पटलं. कारण मी बावीस वर्षं फोटो काढते आहे, आणि आईचा एक फोटो मलाही नीट काढता आलेला नाही. दर वेळी ती अशीच ताठ बसते.

"आधी ती ट्यूब बंद कर," मी म्हणते.

भाची बटण दाबते. सोपा एकदम अंधारतो. आई म्हणते, "अगं, अंधारात कसला फोटो काढताय?"

अंधार नाहीये. चौकाकडच्या दारातून उजेड आत येतोय; ट्यूब होती म्हणून तो दिसत नव्हता. ट्यूब वरून आणि समोरून एकाच वेळी ओतते, त्यामुळे चेहऱ्यावरचे उंचवटे आणि खोलगटपणा पुसले जातात. भाचीला हे समजावून सांगायला मला फार लांब जावं लागत नाही. कालच संध्याकाळी आम्ही दोघी घाटावर बसून पांडवगडाकडे बघत होतो. भर दुपारी तो डोंगर कागदातून कापल्यासारखा दिसतो. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की त्याची एकेक घळ, एकेक सोंड वेगळी होते.

"चेहऱ्याचंही तेच," मी म्हणते. "बाजूने आलेला उजेड चेहरा घडवतो."

"मग चौकात घेऊ या. तिथे ऊन आहे."

आई निमूटपणे उठते. चौकात खुर्ची मांडली जाते. ऊन कोवळं असलं तरी थेट तिच्या डाव्या गालावर येतं. आई डोळे बारीक करते, कपाळाला आठ्या पडतात. खटका वाजतो. फोटोत अर्धा चेहरा चुन्यासारखा पांढरा आणि अर्धा कोळशासारखा; नाकाची सावली गालावर सुरीने कापल्यासारखी. पांढऱ्या झालेल्या भागात सुरकुत्या नाहीत, कातडी नाही, काहीच नाही. कॅमेऱ्याने तिथलं काही टिपलेलंच नाही, त्यामुळे नंतर कितीही खटपट केली तरी ते परत मिळणार नाही.

"आता तर बाजूने उजेड होता," भाची म्हणते. तिच्या आवाजात निराशा आहे.

बाजू बरोबर होती. उजेडाची जात वेगळी होती. मी तिला पंजा उन्हात धरायला सांगते. फरशीवर पाच बोटं स्वच्छ उमटतात, नखंसुद्धा मोजता येतील अशी. सूर्य अवाढव्य आहे, पण इतका दूर आहे की आकाशात तो टिकलीएवढा दिसतो. हात लांब करून करंगळीच्या टोकाने झाकता येतो. टिकलीएवढ्या दिव्याची सावली धारदारच पडणार. त्याच्यापुढे ढग आला की सगळा ढग दिवा होतो, आणि मोठ्या दिव्याच्या सावलीला काठ उरत नाही.

"दिवा किती मोठा हे त्याच्या आकारावर नाही, चेहऱ्यापासून तो केवढा दिसतो यावर ठरतं. आता हाच पंजा घेऊन घरभर फीर. कुठे सावली मऊ होते ते मला सांग."

भाची कॅमेरा गळ्यात अडकवून पंजा पुढे धरते आणि चालू लागते. चौकाच्या मध्यावर बोटं धारदार आहेत. पागोळीच्या रेषेच्या आत येताच ती विरघळतात. सोप्याच्या उंबऱ्यापाशी सावली आहे, पण तिला कडा नाहीत. आणखी आत कोपऱ्यात पंजाची सावली शोधावी लागते, आणि पंजाच करडा, निस्तेज दिसतो. ती थांबते, पुढेमागे होते, हात उलटासुलटा करते. सकाळपासून पहिल्यांदा ती कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत नाहीये. उजेडाकडे बघते आहे.

एवढ्यात आई खुर्चीवरून उठते.

"तुमचं ठरू द्या निवांत. माझी वाकळ राहिलीय," म्हणते आणि माजघरातून मागच्या दाराकडे जाते.

मी तिच्या मागे जाते, ते तिला थांबवायला. पण माजघराच्या तोंडाशीच माझे पाय थांबतात.

मागचं दार सताड उघडं आहे. दाराच्या आत, उंबऱ्यापासून दीड-दोन हातांवर आई पाट टाकते, भिंतीला पाठ न लावता बसते, पुढ्यात अर्धी शिवलेली वाकळ ओढून घेते. जाड चष्मा नाकावर खाली सरकवते. डाव्या हातात सुई, उजव्या हातात दोऱ्याचं टोक. टोक ओठांत धरून ओलं करते, चिमटीत पिळते, आणि दोन्ही हात दाराच्या दिशेने थोडे वर उचलते. मान किंचित कलते. दार तिच्या डाव्या हाताला आहे. उजेड डाव्या कानशिलावरून उतरतो, गालाच्या हाडावर थांबतो, नाकाला वळसा घालतो, आणि उजव्या गालावर डोळ्याच्या खाली एक लहानसा तिकोनी कवडसा सोडून जातो. बाकीचा उजवा गाल सावलीत आहे, पण काळा नाही. त्यातली एकेक सुरकुती दिसते.

दोरा पहिल्याच खेपेला सुईच्या नाकातून जातो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे.

मी हळू आवाजात भाचीला हाक मारते. ती पंजा तसाच पुढे धरून येते आणि माझ्या शेजारी उभी राहते. मग ती हात खाली घेते.

"आजी, तू इथेच का गं बसतेस?"

"मग कुठं बसू? सुई दिसायला नको?"

आई मान वर न करता धावदोरा घालते आहे आणि बोलते आहे. हे बसणं तिला तिच्या सासूने दाखवलं. सासू इथे तांदूळ निवडायची. सकाळी ही जागा, चार वाजल्यानंतर ओसरीची कड, पावसाळ्यात चौकाच्या पागोळीच्या आतली बाजू. रात्री निवडण-टिपण करायचं नाही, खडा राहतो. साठ वर्षांत या घरातला उजेड कोणत्या ऋतूत कुठे बसतो हे तिला तोंडपाठ झालंय. मी बावीस वर्षांत दिवे विकत घेतले, छत्र्या घेतल्या, स्टँड घेतले, आणि दर वेळी आईला या जागेवरून उठवून सोप्यातल्या खुर्चीवर बसवलं. माझ्या मनात हे लख्ख उमटतं आणि मी ते भाचीला सांगून टाकते. नव्या माणसाने कुठल्याही घरात गेल्यावर आधी एवढंच विचारावं: इथे सुई कुठे बसून ओवतात? तांदूळ कुठे निवडतात? उजेड तिथे असतो.

भाची उंबऱ्याबाहेर डोकं काढून बघते. हे दार उत्तरेचं आहे. आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ सूर्य दक्षिणेच्या अंगाने जातो, म्हणून उत्तरेच्या दारातून ऊन आत शिरत नाही, नुसता उजेड शिरतो. चित्रकार यासाठीच उत्तरेची खिडकी मागतात. स्टुडिओत विजेचे दिवे येण्याआधी फोटोग्राफरही उत्तरेकडे काचेची तावदानं बसवून त्यांच्याखाली माणसं बसवायचे. आमच्या दारात याहून एक गोष्ट जास्त आहे. परसाच्या पलीकडे वीस फुटांवर चुन्याने पांढरी केलेली कुंपणाची भिंत आहे. घरावरून आलेलं दक्षिणेचं ऊन तिच्यावर पडलंय, आणि ती लांबच लांब भिंतच आता दिवा झाली आहे. तिच्यावरचं ऊन परतून या दारातून आत येतंय, मऊ आणि मोठं होऊन. आई पाटावर खाली बसल्यामुळे ते तिच्यापर्यंत थोडं वरून पोचतं. तो तिकोनी कवडसा त्यामुळेच. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या चेहऱ्यांवर असा उजेड दिसतो, म्हणून फोटोग्राफर या मांडणीला त्याच्या नावानेच ओळखतात.

"आजी, तू शिवत राहा. मी इथे बसते," भाची म्हणते आणि उभ्यानेच कॅमेरा उचलते.

"बसते म्हणालीस ना? मग बस," मी म्हणते.

ती उभी आहे आणि आई जमिनीवर. वरून बघितलं की आईचं डोकं मोठं, धड आखूड आणि नजर झुकलेली येणार. मोठ्या माणसाचा फोटो त्याच्यावर उभं राहून काढू नये. भाची मांडी घालून समोर बसते, पाठ वाकवते, कॅमेरा आईच्या डोळ्यांच्या उंचीवर आणते. मग नकळत पुढे सरकते. चेहरा जवळून हवा, असं तिला वाटतंय.

मी तिला मागे सरकवते. फार जवळ गेलं की नाक लेन्सच्या जवळ आणि कान लांब राहतात; नाक फुगतं, कान मागे पळतात. मोबाइल हातभर अंतरावर धरून काढलेल्या फोटोंत हेच होतं, आणि लोक आपल्या नाकाला दोष देत बसतात. पाच फूट अंतर ठेवलं की चेहरा प्रमाणात राहतो. या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स एवढ्या अंतरावरून डोक्यापासून मांडीवरच्या हातांपर्यंत नीट सामावून घेते. हात मला हवेच आहेत. या बाईची निम्मी ओळख हातांत आहे.

"आता आजीकडे बघू नकोस. चौकटीच्या चारही कडा बघून ये."

भाची डोळ्याला कॅमेरा लावून थांबते. मग म्हणते, "मागे तांब्याची कळशी चमकतेय. आणि वर पिवळा दिवा आहे."

माजघरातला तो पिवळा दिवा ती उठून बंद करते. दारातला दिवसाचा उजेड निळसर असतो आणि दिव्याचा पिवळट. दोन्ही एका चेहऱ्यावर आले की कॅमेऱ्याला कुणाला पांढरं मानावं ते कळत नाही, आणि एक गाल आजारी दिसतो. कळशी हलवायची गरज पडत नाही. भाची बसल्या जागी वीतभर डावीकडे सरकते आणि कळशी आईच्या खांद्याआड जाते. मागे आता फक्त मातीने लिंपलेली तपकिरी भिंत उरते. ती दारापासून लांब आहे, म्हणून काळोखी आहे, आणि तिच्यावर आईचे पांढरे केस सुटे, उजळ दिसतात. सोप्यात खांबाचा प्रश्नही एवढ्याच सरकण्याने सुटला असता. हे मी बोलून दाखवत नाही. भाचीने मान वळवून सोप्याकडे बघितलंय, तिला ते कळलंय.

पहिला फोटो येतो. अंधारा. आईचा चेहरा सावळा आहे त्याहून कितीतरी काळवंडलाय.

"इतका उजेड असून?"

याला कारण आईचं पांढरं लुगडं. कॅमेऱ्याला पांढरं-काळं कळत नाही. समोरचं सगळं मिळून मध्यम करडं आहे असं धरून तो उजेड मोजतो. चौकटीत पांढरं जास्त आलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळंच अंधारं करतो. मी तिला लुगडं सोडून आईच्या उजळ गालावर उजेड मोजायला लावते आणि आकडे स्वतः ठरवायला सांगते. छिद्र एफ २.८, शटर सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग, आयएसओ ४००. छिद्र एफ १.८पर्यंत उघडता येतं, आणि नव्या लेन्सवर ते उघडायचा मोह होतोच. पण या अंतरावर तेव्हा जेमतेम सहा-सात सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळा स्पष्ट आला तर कान पुसट, आणि पुढे आलेले हात तर पारच विरघळलेले. शटर इतकं जलद ठेवलं की हाताची थरथर फोटोत उतरत नाही. फोकस कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर. बाकी काही चुकलं तरी चालेल, तो डोळा चुकून चालत नाही.

दुसरा फोटो. चेहरा उजळला. पण भाचीच्या कपाळावर आठी आहे.

"मावशी, उजवा गाल फारच काळा येतोय. माझ्या डोळ्याला तर तिथलं सगळं दिसतंय."

डोळा अंधार आणि उजेड एकाच वेळी जेवढा पेलतो, तेवढा कॅमेरा पेलत नाही. मी खुंटीवरचा धुतलेला पांढरा पंचा काढते, दोन हातांत ताणून आईच्या उजव्या बाजूला, चौकटीच्या बाहेर धरते. दारातला उजेड पंचावर आपटून सावलीतल्या गालावर जातो. पंचा हातभर जवळ नेला की सावली उठते, लांब नेला की परत बसते. छोट्या दिव्यापासून अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई उरतो. दारासारख्या किंवा पंचासारख्या मोठ्या पसरट उजेडाची घट इतक्या झपाट्याने होत नाही, पण कल तोच असतो. भाची बघता बघता सांगू लागते, "अजून जवळ. नको, थोडं मागे. हां, तिथंच."

मग मी पंचा काढते आणि त्याच जागी काळी घोंगडी धरते. सावली एकदम खोल होते, चेहऱ्याचा उजवा अर्धा भाग मागच्या भिंतीत मिसळतो.

"हे नको," भाची पटकन म्हणते. "अर्धी आजी गेली."

मी तिला माजघराच्या भिंतीवरचं चौकटीतलं चित्र दाखवते. हातात दिवा घेतलेली स्त्री, दिव्यावर दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांच्या फटींतून लाल झिरपणारा उजेड. आमच्या घरात ते वर्षानुवर्षं रविवर्म्याचं समजलं जायचं. ते सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचं आहे, १९४५च्या सुमारास जलरंगांत काढलेलं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि दिवा हातात घेतलेली ती त्यांची मुलगी. त्या चित्राचा कितीतरी भाग अंधारात आहे. तो अंधार पुसून सगळं उजळ केलं, तर दिवा हातात आहे हेच कळणार नाही.

भाची चित्राकडे बराच वेळ बघते. परत आजीकडे बघते.

"पण तिथे रात्र आहे," ती म्हणते. "आजी सकाळी शिवतेय. इथे पंचाच बरोबर आहे."

मी घोंगडी खाली ठेवते. तिचं बरोबर आहे. सावली किती ठेवायची याचा आकडा नसतो. समोर कोण बसलंय आणि काय करतंय यावर ती ठरते. हे तिने मला सांगितलं, मी तिला नाही.

या सगळ्यात आईचं शिवणं एकदाही थांबलेलं नाही. कुणीतरी तिच्याजवळ बसलंय, हे तिला आवडलंय. ती वाकळीवर बोट ठेवून सांगते, "हे बघ, हे तुझ्या आईच्या परकराचं. पाचवीत होती तेव्हाचं. हे माझ्या सासूबाईंचं लुगडं. हे तुझ्या आजोबांच्या सदऱ्याचं, कोपराला विरलं होतं तेवढं सोडून घेतलंय."

"आजोबा असे निळ्या रेघांचे सदरे घालायचे?"

"नेहमी. शेतात जाताना सुद्धा. बाह्या दुमडून."

भाची कॅमेरा खाली घेते आणि त्या तुकड्यावरून बोट फिरवते. सोप्यातल्या भिंतीवर कोट आहे, आणि इथे सदरा. मी काही बोलत नाही. आईचा चेहरा आता सकाळपासून पहिल्यांदा सैल झालाय. ओठ मिटलेले नाहीत, खांदे खाली आलेत. तिला हसायला सांगायची गरज उरलेली नाही.

भाची परत जागेवर सरकते. या वेळी मी एक शब्दही बोलत नाही, नुसता पंचा धरून उभी राहते. ती आधी कडा बघते. आईचे डोळे चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागावर आणते. डोक्यावर चार बोटं जागा ठेवते, जास्त नाही. आई दाराकडे बघते आहे, म्हणून त्या बाजूला मोकळी जागा सोडते, नजरेला जायला वाट हवी म्हणून. खालच्या कडेवर मनगट कापलं जातंय हे तिच्या लक्षात येतं. सांध्यावर कापलेला हात तुटल्यासारखा दिसतो. ती अर्धा हात मागे जाते, आणि दोन्ही हात, सुई, वाकळीची कड, सगळं आत येतं.

चष्म्याच्या काचेवर दार पांढरं चमकतंय आणि डावा डोळा झाकला जातोय. भाचीला तेही दिसतं. ती काही सांगत नाही. थांबते. दोरा संपत आलाय, हे तिने बघितलंय.

आई गाठ मारते, दोरा दातांनी तोडते, नवा दोरा घेते. टोक ओठांत. चिमटीत पीळ. चष्मा नाकावर खाली, हनुवटी किंचित खाली, आणि डोळे चष्म्याच्या वरून सुईकडे. काचेवरची चमक निघून जाते. दोन्ही डोळ्यांत दाराचा एकेक उजळ चौकोन उतरतो. तो चौकोन नसता तर डोळे विझलेले दिसले असते. दोन्ही हात दाराकडे वर उचलले जातात. सगळा चेहरा त्या सुईच्या नाकापाशी गोळा झालाय.

खटका एकदाच वाजतो.

भाची पडद्याकडे लगेच बघत नाही. आईचा दोरा ओवून होईपर्यंत ती कॅमेरा छातीशी धरून बसते. मग उठते, आईच्या शेजारी जमिनीवर टेकते आणि पडदा तिच्यापुढे धरते. आई सुई पदराला टोचते, चष्मा नीट करते आणि बघते. पडद्यावर तपकिरी काळोखाच्या पुढे तिचे पांढरे केस आहेत, उजव्या गालावर तो तिकोनी कवडसा आहे, ओठांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या आहेत, शिरा उठलेले हात आहेत. मी आईच्या चेहऱ्याकडे बघते आहे. आपण म्हातारे दिसतो असं ती म्हणेल, असं मला वाटतं. ती पडदा डोळ्यांच्या आणखी जवळ नेते.

"दोरा पण दिसतोय की गं," आई म्हणते.

भाची पडदा मोठा करून दाखवते. दिसतोय. सुईच्या नाकात शिरणारं ओलं, पिळलेलं टोक स्वच्छ दिसतंय. आई समाधानाने मान हलवते आणि पदराची सुई काढून परत कामाला लागते.

अकरा वाजायला आलेत. परसातल्या शेवग्याची सावली चुन्याच्या भिंतीवर सरकत आली आहे आणि दारातला उजेड एका बाजूने मंद होतो आहे. आई टाका घालता घालता थांबत नाही. डाव्या हाताने पाट धरते आणि वीतभर पलीकडे सरकते. तिला हे कुणी सांगितलेलं नाही, आणि आपण सरकलो हे तिच्या लक्षातही आलेलं नाही. समोर बसलेली भाची ते बघते. कॅमेरा उचलते, आणि तीही वीतभर सरकते.